स्पेनमध्ये एक सेमिस्टर: प्रवेशपत्रापासून अनामत परत मिळेपर्यंत

तिकीट, खोली, व्हिसा यांतल्या कशालाही हात लावण्याआधी, ज्या विद्यापीठात जायचं आहे त्याचं शैक्षणिक कॅलेंडर डाउनलोड करून समोर ठेवा. स्पेनमध्ये पहिलं सेमिस्टर सप्टेंबरात सुरू होतं. तास नाताळच्या सुट्टीच्या आसपास संपतात, पण बहुतेक ठिकाणी परीक्षा सुट्टीनंतर, जानेवारीत असतात. ती सुट्टीही १ जानेवारीला संपत नाही, ६ जानेवारीचा ‘रेयेस’चा सण झाल्यावर संपते. सेमिस्टर डिसेंबरात आटोपेल असं धरून २० तारखेचं परतीचं तिकीट काढलं, तर चार महिने तास भरूनही हाती एकही क्रेडिट पडत नाही. एका विद्यार्थ्यासाठी परीक्षा अलीकडे घ्यायला प्राध्यापक बांधील नसतात. दुसरं सेमिस्टर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होतं आणि जूनपर्यंत चालतं. फेरपरीक्षा धरली तर जुलै उजाडतो.

व्हिसाचा प्रकारही हेच कॅलेंडर ठरवतं. मुक्काम ९० दिवसांपर्यंत असेल तर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या आपसांत सीमा खुल्या असलेल्या देशांचा सामायिक व्हिसा), त्यापुढे विद्यार्थी व्हिसा. पण सांभाळायची रेघ आहे ती १८० दिवसांची. त्या आत राहिलात तर पोलिसांचा चारित्र्य दाखला नको, वैद्यकीय दाखला नको आणि तिथे उतरल्यावर ‘तिए’ हे परदेशी नागरिकाचं ओळखपत्रही काढायला नको. पासपोर्टवरचा व्हिसाच शेवटपर्यंत चालतो. १८१वा दिवस आला की तिन्ही कामं मागे लागतात. आता दिवस मोजा. १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी होतात १५३. १ सप्टेंबर ते २८ फेब्रुवारी होतात १८१. आणि १ फेब्रुवारी ते ३१ जुलै, लीप वर्ष नसेल तर, पुन्हा १८१. प्रवेशपत्र, म्हणजे विद्यापीठाने प्रवेश दिल्याचं पत्र, तयार करणारा कारकून महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख टाकून मोकळा झाला, तर त्या एका दिवसापायी तुमचा महिनाभर दाखल्यांमागे जाऊ शकतो. म्हणून पत्र हाती येताच तारखा तपासा आणि प्रत्यक्ष वर्ग व परीक्षा यांच्या तारखा घालून नवं पत्र मागा. फेरपरीक्षेचे दिवस मात्र त्यात बसवून घ्या. नापास झालात तर ते लागतील.

वाट, शहर आणि भाषा

तुमच्या विद्यापीठाचा स्पेनमधल्या विद्यापीठाशी करार असेल तर त्याच वाटेने जा. एक्स्चेंज विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतो, तिकडे शिकवणीची फी लागत नाही. काही करार इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेखाली असतात आणि त्यात मासिक विद्यावेतन व प्रवासखर्चही मिळतो. करार नसेल तर ‘एस्तुदियांते व्हिसितांते’ म्हणजे पाहुणा विद्यार्थी म्हणून अर्ज करता येतो. तिथे घेतलेल्या क्रेडिटमागे पैसे मोजावे लागतात आणि दर प्रांताप्रांतात वेगळा. तिसरी सोय विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांची आहे. ग्रानादा विद्यापीठाचं ‘सेंत्रो दे लेंग्वास मोदेर्नास’ किंवा सालामांका विद्यापीठाचं ‘कुर्सोस इंतेर्नासियोनालेस’ इथे सेमिस्टरभर स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचे कोर्स मिळतात. स्पॅनिश ए२च्या, म्हणजे प्राथमिक पातळीच्या, आसपास असेल तर ही सोय जास्त फळते. अर्थशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काहीच न कळण्यापेक्षा चार महिन्यांत बी१ ही मधली पातळी गाठणं केव्हाही बरं.

नेहमीच्या पदवी वर्गात स्पॅनिशमधून शिकायचं असेल तर विद्यापीठं साधारण बी१ किंवा बी२ मागतात. पुरावा म्हणून डेले किंवा सिएले या स्पॅनिशच्या परीक्षांचं प्रमाणपत्र चालतं. डेलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, पण परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते आणि निकालाला काही महिने लागतात. सिएले संगणकावर होते, निकाल काही आठवड्यांत येतो, मात्र प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं. अर्जाची मुदत जवळ आली असेल तर सिएले द्या.

शहर निवडताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बार्सेलोनात कातालान, वालेन्सियात वालेन्सियन, सांतियागो दे कोंपोस्तेलात गालिसियन आणि बिल्बाओत बास्क या तिथल्या राजभाषा आहेत, आणि विद्यापीठात त्यांतून शिकवलं जातं. एकाच विषयाचे दोन-तीन गट असतात: एक कातालानमधून, दुसरा स्पॅनिशमधून, क्वचित तिसरा इंग्रजीतून. विषयाचं नाव स्पॅनिशमध्ये दिसलं म्हणून शिकवणं स्पॅनिशमध्येच असेल असं धरू नका. गटाचा क्रमांक आणि त्याची भाषा पाहूनच नोंदणी करा. अंदालुसियात, म्हणजे ग्रानादा, सेव्हिया, मालागा इथे, हा प्रश्न नाही, पण बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळतो आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आपण शिकलो ती भाषा हीच का अशी शंका येत राहते. सालामांका आणि वायादोलिदचे उच्चार नवख्याला सोपे जातात. खर्च माद्रिद आणि बार्सेलोनात सर्वांत जास्त. तिथे शेअर केलेल्या फ्लॅटमधली एक खोली महिना ५०० युरोच्या पुढेच धरा. ग्रानादा, सालामांका, मुर्सिया इथे बरीच स्वस्त मिळते. निव्वळ एका सेमिस्टरसाठी जात असाल तर मध्यम आकाराचं विद्यापीठाचं गाव घ्यावं. पायी सगळीकडे जाता येतं, आणि इंग्रजीवर निभावत नसल्याने स्पॅनिश बोलावीच लागते.

विषय निवडणं

युरोपीय क्रेडिटचा हिशोब सोपा आहे: सेमिस्टरला ३० ईसीटीएस, बहुतेक विषय ६ ईसीटीएसचे, आणि एक ईसीटीएस म्हणजे अभ्यासासकट २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे पूर्ण भार पाच विषयांचा. परक्या भाषेत पाच जड विषय झेपत नाहीत; तुमचं विद्यापीठ परवानगी देत असेल तर तीन-चार मुख्य विषय आणि त्यांच्या जोडीला परदेशी विद्यार्थ्यांचा भाषावर्ग घ्या. पूर्णवेळ शिक्षण दाखवण्यासाठी व्हिसाला किती क्रेडिट लागतात ते मात्र आधी विचारून ठेवा.

प्रत्येक विषयाची ‘गिया दोसेंते’ म्हणजे माहितीपुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. अभ्यासक्रम तर त्यात असतोच, पण पाहायचं ते मूल्यमापन. ‘एवालुआसियोन कोंतीनुआ’ म्हणजे सलग मूल्यमापन असेल तर सेमिस्टरभरातली सादरीकरणं, प्रात्यक्षिकं, लहान चाचण्या यांना गुण असतात आणि हजेरी सक्तीची असू शकते. नुसती अंतिम परीक्षा असेल तर सगळी मदार त्या दोन-तीन तासांवर. परदेशी विद्यार्थ्याला पहिला प्रकार मानवतो, कारण भाषा सुधारत जाते तसे गुणही सुधारतात. बहुपर्यायी परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तेही गियामध्ये लिहिलेलं असतं.

वेगवेगळ्या वर्षांचे विषय उचलले की वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात. दुसऱ्या वर्षाचा वर्ग सकाळी आणि तिसऱ्या वर्षाचा दुपारी अशी विभागणी अनेक विभागांत असते, तिचा फायदा घ्या. परीक्षांच्या तारखाही आधीच जाहीर होतात. दोन विषयांची परीक्षा एकाच वेळी येत नाही ना, हे आत्ताच पाहा. एवढं करूनही पहिल्या आठवड्यात एखादा विषय बदलावाच लागतो. म्हणून लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार याच्या करारावर, सही घेताना पाचाऐवजी सात-आठ विषयांना आपल्या विद्यापीठाची तत्त्वतः मान्यता मिळवून ठेवा. बदलाची मुदत वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांचीच असते, आणि त्या काळात आपल्याकडच्या समन्वयकाची सही ईमेलवर वेळेत मिळेलच असं नाही.

गुणांचं रूपांतर कसं होणार हेही लेखी घ्या. तिकडे ० ते १० ची मोजणी आहे. ५ च्या खाली ‘सुस्पेन्सो’ म्हणजे नापास, ५ ते ६.९ ‘आप्रोबादो’ म्हणजे पास, ७ ते ८.९ ‘नोताब्ले’, ९ पासून ‘सोब्रेसालिएंते’. त्यावर ‘मात्रीकुला दे ओनोर’ ही विशेष गौरवाची श्रेणी आहे, पण ती वर्गातल्या जास्तीत जास्त पाच टक्के मुलांनाच देता येते. तिथे ७ म्हणजे चांगलं यश समजतात. सरळ दहाने गुणून ७० टक्के केले की तुमचं नुकसान होतं. आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, हजारांसाठी टिंब. ८,५ म्हणजे साडेआठ; १.२०० युरो म्हणजे बाराशे. भाड्याच्या करारात हे उलटं वाचलं तर महागात पडतं.

व्हिसाचे कागद

वर्ग सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज दाखल झाला पाहिजे. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी याचा अर्थ जूनअखेर. स्पेनमध्ये ऑगस्टात कार्यालयं अर्धी रिकामी असतात. प्रवेशपत्रातली चूक जुलैत लक्षात आली तर ती दुरुस्त करणारं माणूस सप्टेंबरातच भेटायचं.

पैशाच्या पुराव्याला आधार असतो तो ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाचा. २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे. मुक्कामाच्या दर महिन्याला १०० टक्के इप्रेम दाखवावा लागतो, म्हणजे पाच महिन्यांना ३,००० युरो. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील आणि त्याची पावती असेल तर तेवढी रक्कम वजा धरतात. आईवडील खर्च करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, नात्याचा पुरावा आणि त्यांची बँक स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली की प्रश्न विचारले जातात. पैसे काही महिने आधीपासून खात्यात दिसू द्या. आणि ६०० हा कागदावरचा किमान आकडा आहे, माद्रिदमध्ये तेवढ्यात महिना निघत नाही.

अर्ज सर्वांत जास्त अडतो विम्यावर. प्रवासविमा चालत नाही. स्पेनमध्ये काम करण्याची परवानगी असलेल्या कंपनीची आरोग्यविमा पॉलिसी हवी, तीही दर भेटीला स्वतःचा वाटा न भरता आणि सुरुवातीची ठरावीक रक्कम खिशातून न देता पूर्ण संरक्षण देणारी. प्रमाणपत्रावर ‘सिन कोपागो’ (दर भेटीला वाटा नाही) आणि ‘सिन कारेन्सिया’ (संरक्षण सुरू व्हायला प्रतीक्षाकाळ नाही) हे शब्द स्पष्ट असावेत, तारखा पूर्ण मुक्काम झाकणाऱ्या असाव्यात. पॉलिसी घेताना व्हिसा नाकारल्यास पैसे परत मिळतील का, हेही विचारा.

१८० दिवस ओलांडणार असाल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय दाखला यांचा क्रम पाळा: मूळ कागद, मग अपोस्तिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का), मग स्पॅनिश भाषांतर. भाषांतर आधी करून घेतलं तर अपोस्तिलचा शिक्का भाषांतराबाहेर राहतो आणि काम पुन्हा करावं लागतं. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं. स्पेनचं परराष्ट्र मंत्रालय अशा भाषांतरकारांची यादी प्रसिद्ध करतं. वैद्यकीय दाखल्यात, २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार सार्वजनिक आरोग्याला धोका ठरेल असा कुठलाही आजार नाही, असं वाक्य लागतं. ‘तब्येत उत्तम आहे’ एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांना मसुदा छापूनच न्या. हे दाखले फार आधीही काढू नका, त्यांची वैधता काही महिन्यांचीच असते.

नावाबद्दल सावध राहा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, त्यामुळे आपलं ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ पाहिलं की तिथली यंत्रणा वडिलांच्या नावाला पहिलं आडनाव समजते. मग विद्यापीठाच्या यादीत तुम्ही वडिलांच्या नावाखाली सापडता, आणि विमा व गुणपत्रिका यांवरची नावं जुळत नाहीत. पासपोर्टवर जी विभागणी आहे तीच प्रत्येक फॉर्मवर ठेवा: स्वतःचं आणि वडिलांचं नाव ‘नोंब्रे’च्या रकान्यात, आडनाव ‘प्रिमेर आपेयीदो’च्या रकान्यात, ‘सेगुंदो आपेयीदो’ रिकामा. रकाना रिकामा सोडू देत नसेल तर मनाने काही भरू नका, आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करा.

खोली

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी अनामत पाठवा, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. पहिल्या सात-आठ दिवसांसाठी हॉस्टेलमध्ये जागा ठरवा आणि तेवढ्यात इदेआलिस्तासारख्या साइटवरून खोल्या पाहून घ्या. व्हिसासाठी राहण्याचा पत्ता हवा असतो, म्हणून काहीजण ‘रेसिदेन्सिया’ म्हणजे खासगी वसतिगृह घेतात. महाग, पण निर्धोक. ‘कोलेखियो मायोर’ या विद्यापीठाशी जोडलेल्या वसतिगृहात तिन्हीत्रिकाळ जेवण असतं, मात्र एका सेमिस्टरसाठी घ्यायला ते सहसा राजी नसतात.

एका सेमिस्टरचा करार बहुधा ‘तेंपोरादा’चा, म्हणजे ठरावीक काळापुरता, होतो. त्याला कायद्याने दोन महिन्यांचं भाडं ‘फियान्सा’ म्हणजे अनामत म्हणून ठेवता येतं. कायमच्या राहत्या घराला एकच महिना. नुसत्या खोलीच्या करारात बहुतेक वेळा एका महिन्यावर भागतं. करारात ‘गास्तोस इन्क्लुईदोस’ म्हणजे ‘खर्च भाड्यात धरलेले’ असं लिहिलं असेल तर वीज-पाण्याला वरची मर्यादा आहे का ते विचारा. हिवाळ्यात या प्रश्नाची किंमत कळते, कारण ग्रानादा, सालामांका, माद्रिद ही सगळी उंचावरची शहरं आहेत आणि जानेवारीत चांगलीच गारठतात. सामायिक ‘काले­फाक्सियोन सेंत्राल’, म्हणजे सगळ्या इमारतीचं एकत्र हीटिंग, असेल तर उत्तम. विजेचा हीटर असेल तर बिल फुगतं. जुन्या घरांत पाणी तापवायला ‘बुतानो’चं साडेबारा किलोचं नारिंगी सिलिंडर असतं, ते संपलं की कोण आणणार हे फ्लॅटमधल्या बाकीच्यांशी पहिल्याच दिवशी ठरवून टाका. ‘इंतेरिओर’ खोली स्वस्त असते, पण तिची खिडकी इमारतीच्या आतल्या अरुंद चौकात उघडते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. ती एकदा पाहूनच ठरवा. राहायला जाताना भिंती, गादी, उपकरणं यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.

उतरल्यावर

प्रवेशपत्र, विमा, राहण्याचा पत्ता आणि पैशाचा पुरावा यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. सीमेवरचा अधिकारी मागू शकतो. व्हिसावर छापलेल्या तारखेच्या एक दिवसही आधी उतरू नका. आंतरराष्ट्रीय कार्यालयात पहिल्याच आठवड्यात जाऊन आगमनाच्या दाखल्यावर सही घ्या, कारण विद्यावेतन त्या तारखेपासून मोजलं जातं. १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्यांनी महिन्याच्या आत तिएसाठी ‘सीता प्रेव्हिया’ म्हणजे आगाऊ वेळ घ्यावी. वेळ पटकन मिळत नाही, साइट सकाळी लवकर उघडून पाहत राहावं लागतं. सोबत ईएक्स-१७ फॉर्म, ७९०-०१२ या क्रमांकाच्या शुल्काची पावती, फोटो, आणि बऱ्याच ठिकाणी महापालिकेतल्या ‘पादरोन’ नोंदणीचा दाखला लागतो. घरमालक पादरोनला तयार आहे का, हे खोली घेतानाच विचारलेलं बरं.

प्रीपेड सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. प्लॅन बहुतेक २८ दिवसांचे. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण आपली तीन पिनांची वायर तिथल्या गोल दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही, तेव्हा साधा अॅडॉप्टर पुरतो. माद्रिदमध्ये २६ वर्षांखालच्यांना महिन्याचा ‘आबोनो होवेन’ पास सगळ्या झोनला चालतो आणि सुट्या तिकिटांपेक्षा फार स्वस्त पडतो. आपत्कालीन क्रमांक ११२.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजेतारियानो’ या एका शब्दावर विसंबू नका. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या साध्या सॅलडमध्ये ट्यूना असतो, ‘लेंतेखास’ म्हणजे मसूर चोरिसो या सॉसेजबरोबर शिजवलेली असते, भाजीवर हामोनचे (हॅमचे) तुकडे भुरभुरलेले असतात, आणि सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून’ (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं सुटं सुटं सांगा. अंडं चालत असेल तर बटाट्याची ‘तोर्तिया’ कुठेही मिळते. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर. कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घेतला तर ठरलेल्या पैशांत दोन पदार्थ, ब्रेड आणि गोड मिळतं. रविवारी बरीचशी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच सामान भरा.

विद्यार्थी व्हिसावर इतर शेंगेन देशांत फिरता येतं, पण कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसच. व्हिसा संपल्यावर ‘अजून आठवडाभर पॅरिस’ असला बेत आखू नका.

निघताना

गुण लागले की प्राध्यापक ‘रेव्हिसियोन’ची तारीख जाहीर करतात. त्या दिवशी उत्तरपत्रिका पाहता येते, शंका विचारता येते. ४,६ किंवा ६,८ असे काठावरचे गुण असतील तर जरूर जा. परत आला असाल तर ऑनलाइन भेट मागा, बरेचजण देतात. नापास झालात तर ‘कोन्व्होकातोरिया एक्स्त्राओर्दिनारिया’ म्हणजे फेरपरीक्षा असते. तिची तारीख विद्यापीठागणिक वेगळी, आणि पहिल्या सेमिस्टरच्या विषयांची काही ठिकाणी थेट जून-जुलैत होते.

घर सोडताना मालकासमोर खोली दाखवून किल्ली परत केल्याची लेखी पोच घ्या. किल्ली दिल्यावर अनामत परत करायला त्याला एक महिना मिळतो, म्हणजे तोवर तुम्ही देशाबाहेर असता. भारतीय बँकखात्यांना आयबान क्रमांक नसतो आणि स्पॅनिश मालक आयबानशिवाय पैसे पाठवायला कंटाळतो, म्हणून युरोचं आयबान असलेलं खातं अनामत जमा होईपर्यंत बंद करू नका. शेवटचं भाडं अनामतीतून वळवून घ्या असं सांगून बरेचजण सुटका करून घेतात. मालक लेखी कबूल असेल तरच हे करा, नाहीतर तो करारभंग ठरतो.

मुक्कामाच्या दाखल्यावर निघण्याच्या तारखेची सही शेवटच्या आठवड्यात घ्या, आधी कोणी देत नाही. गुणपत्रिका सगळ्या विषयांचे निकाल बंद झाल्यावरच निघते आणि थेट तुमच्या विद्यापीठाला ईमेलने जाते. विद्यापीठाचं ईमेल खातं काही महिन्यांत बंद होतं, म्हणून कार्यालयाला स्वतःचा खासगी पत्ता देऊन ठेवा आणि सगळ्या गिया दोसेंतेंच्या त्या वर्षीच्या पीडीएफ उतरवून घ्या. क्रेडिट मान्य करताना आपल्याकडची समिती अभ्यासक्रम मागते, आणि तोवर साइटवर पुढच्या वर्षाची गिया चढलेली असते.